मादीचे परवाने

विस्कॉन्सिनमधल्या त्या गावात हरणांच्या शिकारीचे परवाने अवजारांच्या दुकानात मिळत. रांगेत मार्लीस नावाच्या बाईच्या पुढे म्हातारा आर्विड आणि त्याचा मेहुणा गॉर्डी उभे होते.

"दाजी, यंदाही मादीचे परवाने घेऊन फाडणार?"

"फाडणारच! मोजकेच तर काढतात. मी एक फाडला, की एक मादी वाचली."

"वीस वर्षं हेच चाललंय तुमचं. आणि हिवाळ्यात तुमच्या रानातली मेलेली पिल्लं ओढून काढली कोणी? मी!"

"थंडी कडक होती."

"थंडी कसली, उपाशी मेली ती. झाडांच्या साली खाऊन संपल्या होत्या."

"आमच्या वडिलांनी कधी मादीवर बंदूक धरली नाही."

"त्यांच्या वेळी हरिण दिसलं तर गावभर बातमी व्हायची, दाजी!"

आर्विडचा नंबर आला.

"मादीचे उरलेत तेवढे सगळे दे."

"सगळे कसे देऊ, काका?" काउंटरवरची बाई म्हणाली. "यंदा नियम सैल केलाय. मर्यादाच नाही. तुम्ही कितीही घ्या, पुढच्याला मिळणारच."

म्हाताऱ्याने हातातल्या नोटांतली एक काउंटरवर ठेवली, बाकीच्या खिशात घातल्या. मार्लीसच्या मागे कोणीतरी खाकरलं.

"मग एकच दे," आर्विड म्हणाला, "आणि प्लास्टिकच्या पिशवीत घाल. रानात बर्फाने भिजायला नको."