डावा डोळा, उजवा डोळा

(निळीच्या पिंपांची खोली. दोरीवर सुती थानं वाळताहेत. सासूच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढलाय. पट्टी आज सकाळीच सुटली.)

सासू : डावा झाकला की नीळ कशी लख्ख दिसते. उजवा झाकला की चहात बुडवल्यासारखी. किती खोटं बोलत होता गं हा मेला डोळा!

सून : आई, डॉक्टरांनी पिंपांजवळ जायचं नाही म्हणून सांगितलंय. शिंतोडे उडतात.

सासू : डॉक्टरला निळीतलं काय कळतंय? कपाटातली थानं काढ. दोन वर्षांतली सगळी.

सून : आत्ता? संध्याकाळी गिऱ्हाईक यायचंय.

सासू : म्हणूनच. त्यांच्या आधी मी बघणार.

सून : ही घ्या.

सासू : हं. हे रंगाच्या नमुन्याच्या पट्टीला जुळतंय. हेही. हेसुद्धा... आणि हे? हे कुणी काळंकुट्ट केलं?

सून : ते मी माहेरी गेले होते तेव्हाचं.

सासू : म्हणजे माझं एकटीचं.

सून : हो.

सासू : आपल्या रंगाला निळीत सात बुड्या लागतात. याला दहा-बारा तरी दिल्यात मी. पण तू असतानाही मी रोज "फिकं आहे, अजून तीन दे" म्हणून ओरडायचेच की. तू मुकाट्यानं घेऊन जायचीस, बुडवून आणायचीस, मी म्हणायचे, "आता कसं!" मग तुझी थानं काळी का नाही झाली? खाली काय बघतेस? फरशीवर लिहिलंय उत्तर?

सून : मी ती कोपऱ्यातल्या पिंपात बुडवायचे.

सासू : ते तर विसळायचं. साध्या पाण्याचं.

सून : दोरीवर वाळायला आलेलं थान तुम्हाला फिकं वाटायचं. भिजवलं की गडद दिसतं. तेवढ्यावर तुमचं समाधान व्हायचं.

सासू : दोन वर्षं? दोन वर्षं मला नुसतं पाणी दाखवलंस? तोंड नव्हतं तुला?

सून : होतं. पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही, तुझ्या अकलेवरच पडदा आलाय.

सासू : म्हणाले असेन. माझंच बोलणं आहे ते. ...कुणाला बोललीस हे?

सून : कुणाला नाही. तुमच्या लेकालासुद्धा नाही.

सासू : त्याला नकोच. त्याच्या पोटात काही राहत नाही. ये इकडे. हात पुढे कर.

सून : ही नमुन्याची पट्टी? मला कशाला?

सासू : सासऱ्यांनी मला दिली तेव्हा मी तुझ्यापेक्षा लहान होते. आणि पुष्कळ देखणी. संध्याकाळी गिऱ्हाइकापुढे पट्टी तू लावायचीस. मी खुर्चीत बसेन.

सून : आणि काही बोलणार नाही?

सासू : एवढी आशा धरू नकोस. पुढच्या महिन्यात दुसरा डोळा करून घेते, मग दोन्ही डोळ्यांनी तुझ्या चुका काढीन. ...ते दोरीवरचं, कडेचं. डावा म्हणतोय, अजून एक बुडी हवी.

सून : नको, आई. झालंय ते.

सासू : मग उतरव.