चार नंबरच्या गाडीला दिलेला धक्का

जबाब देणार : बलभीम नरहरी कबाडे, वय ६१ वर्षे, धंदा – काळी-पिवळी प्रवासी जीप चालवणे, रा. अणदूर, ता. तुळजापूर, जि. धाराशिव.

मी वर लिहिलेल्या नावाचा व गावचा असून, मला कोणी धरून आणलेले नाही. बोलावणे आले म्हणून आपणहून ठाण्यात आलो. जे डोळ्यांनी पाहिले व हातांनी केले तेवढेच समक्ष सांगतो की,

मी अणदूर येथे पत्नी मथुराबाईसह राहतो. हायवेलगतच्या स्टँडवरून नळदुर्ग व सोलापूरपर्यंत प्रवासी नेतो. जीपचा परवाना, विमा व पासिंग चालू आहे. परवान्यात लिहिले आहेत तेवढेच प्रवासी घेतो. येथे हवालदारसाहेबांनी लिहिणे थांबवून माझ्याकडे पाहिले, म्हणून दुरुस्त करून सांगतो की, बाजारच्या दिवशी एखाद-दुसरा जास्त होतो.

आमच्या स्टँडवर प्रत्येक गाडीला ठरलेला नंबर आहे. त्या क्रमाने नंबर पुकारला जातो व गाडी पुढे येऊन प्रवासी भरते. नंबर नसलेल्याने तेथे प्रवासी भरायचे नाहीत. नंबर कुठे लिहिलेले नाहीत, सगळे तोंडी आहे. दुसरा नियम असा की, नंबरातली गाडी बंद पडली तर स्टँडवरच्या सगळ्यांनी हातातले काम टाकून तिला धक्का द्यायचा. बाहेरच्या गाडीवाल्याला आम्ही पाणी देतो, मेकॅनिकला फोन लावून देतो, पण धक्का देत नाही. कारण एकदा धक्का दिला की ती गाडी स्टँडची झाली, असे आमच्यात मानतात. हे नियम मी व माझा जोडीदार जैनोद्दीन तांबोळी, आम्ही दोघांनी घातले. जैनोद्दीन तीन वर्षांपूर्वी वारला. त्याचा नंबर चार होता. तो कोणाला दिलेला नाही. आजही तीननंतर चार पुकारला जातो, थोडे थांबतात, मग पाचवी गाडी पुढे येते. सवयीने होते.

ज्या व्हिडिओमुळे मला बोलावले आहे, त्यात जी पांढरी इलेक्ट्रिक कार दिसते ती जैनोद्दीनची मुलगी शाहीन हिची आहे. वडिलांची जीप विकून, सरकारी सवलत घेऊन तिने ती घेतली. तिच्याकडे प्रवासी वाहतुकीचा परवाना आहे. ती शाळेसमोरून बायकांना सोलापूरच्या दवाखान्यात नेते-आणते. तिने माझ्याकडे वडिलांचा नंबर मागितला होता. मी दिला नाही. सरकारने एवढा टेकू दिला आहे, मग स्टँडचा टेकू कशाला पाहिजे, असे मी तिला चार माणसांत म्हणालो. माझी पत्नी गुडघ्यासाठी तिच्याच गाडीतून सोलापूरला जाते, ही गोष्ट मला नंतर कळली. जीपचे हादरे सोसत नाहीत, असे तिचे म्हणणे आहे.

गेल्या गुरुवारी सकाळी ग्रामपंचायतीसमोर ग्रामसभा होती. सरपंच शिवगंगाताई यांनी विषय मांडला की, स्टँडशेजारची मोकळी जागा सरकारी मदतीच्या चार्जिंग पॉइंटला द्यावी किंवा कसे. विषय जागेचा होता, पण बोलणे जागेवर राहिले नाही. इलेक्ट्रिक गाड्यांना सरकारने मदत करावी का, यावरच सगळे गाव बोलू लागले. ज्यांच्या घरी सायकल नाही तेही तावातावाने बोलले.

मी विरोधात बोललो, हे खरे आहे. मी म्हणालो, "गाडी चांगली असंल तर चालंल आपल्या बळावर. सरकारनं तिला कडंवर कशाला घ्यायची? आमी जन्मभर डिझेलवर कर भरला. आता त्याच पैशातनं हिला सवलत. म्हंजी माझ्याच खिशातनं माझ्याच पोटावर पाय! ही सवलत जाती बंगल्यावाल्यांच्या दारात. अणदूरच्या माणसाला काय?" टाळ्या पडल्या. मला बरे वाटले.

त्यावर शाहीन उठली. ती म्हणाली, "चाचा, मी कुठल्या गावची हाय? सवलत नसती तर ह्या गाडीच्या काचंला हात लावायची माझी ऐपत नव्हती. आन तुमची न् अब्बांची पहिली जीप? ती बी सरकारच्या योजनेतनंच घेतली व्हती ना? तवा टांगेवाले तुमाला काय म्हनले असतील?" लोक हसले. ती म्हणाली ते खरे होते, म्हणून मला जास्तच राग आला. रागात मी बोलून गेलो की, जैनोद्दीन असता तर असलं खेळणं त्यानं दारात उभं केलं नसतं.

त्यावर शाहीन म्हणाली, "अब्बा शेवटी वरीसभर खोकत व्हते, चाचा. डॉक्टरनं इचारलं, कुठं बसता दिवसभर? अब्बा म्हनले, स्टँडवर, डिझेलच्या धुरात."

बॅटरीवरचा माईक माझ्या हातात होता, तो मी शिपायाकडे दिला. नंतर हात वर करायला सांगितले तेव्हा माझ्या पत्नीने जागा द्यावी या बाजूने हात वर केला. मोजणीत गोंधळ झाल्याने सरपंचांनी विषय पुढच्या सभेवर ठेवला.

दुपारी आम्ही जीपवाले स्टँडवरच्या विरप्पाच्या हॉटेलात चहा घेत होतो. गावात सकाळपासून लाईट नव्हती, ती नुकतीच आली होती. शाहीनची गाडी त्यामुळे चार्ज झालेली नव्हती. नळदुर्गच्या चार्जिंगपर्यंत जाऊ, या हिशोबाने ती निघाली आणि स्टँडच्या खालच्या चढावर गाडी बंद पडली. मागे ट्रक हॉर्न वाजवत होते. गाडीत ती एकटीच होती. तिने आम्हाला हाक मारली नाही. खाली उतरून ती एकटीच गाडी बाजूला घ्यायला लागली.

आमच्यातला सुरज म्हणाला, "आण्णा, काय करायचं?" बाकीचे माझ्याकडे बघत राहिले. धक्का दिला तर त्याचा अर्थ काय होतो, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होते, आणि सकाळी माईकवर कोण काय बोलले तेही माहीत होते. मी चहा बशीत ओतला होता. तो तसाच ठेवून मी म्हणालो, "उठा की! बघत काय बसलाय?" गाडीला पहिला हात मी लावला. हे मी अभिमानाने सांगतो.

धक्का देताना मी सवयीने ओरडलो की, सेकंड टाक आन क्लच सोड. शाहीनने काचेतून डोके बाहेर काढून सांगितले, "चाचा, हिला क्लच न्हाय."

"मंग गिअर टाक."

"तसला गिअर बी न्हाय."

"मंग हाय काय हिच्यात?"

"तुमी वर विरप्पाअण्णाच्या हॉटेलापस्तोर ढकला. फकस्त ढकला." ती हसत होती. सकाळपासून पहिल्यांदा.

आता दगडाबद्दल सांगतो, कारण मला त्यासाठीच बोलावले आहे. गाडी दिसायला लहान आहे, पण बॅटरीमुळे लई जड आहे. चढावर माणसे दमली की गाडी मागे येते. म्हणून एकाने दगड घेऊन मागे राहायचे व माणसांनी दम खाल्ला की तो चाकामागे लावायचा, ही जीपवाल्यांची जुनी पद्धत आहे. गाडीत बसलेल्याने ब्रेक दाबलेला असला तरी आमचा दगडावर जास्त विश्वास आहे. हायवेवरून जाणाऱ्या कोणा प्रवाशाने मोबाइलवर जे टिपले, त्यात मी दगड घेऊन गाडीमागे पळताना दिसतो. तो मीच आहे. तोंडाने ओरडतो आहे तोही मीच आहे. मी "हां, अजून थोडं" असे ओरडत होतो. सदर दगड विरप्पाच्या हॉटेलसमोर पडलेला आहे. पाहिजे असल्यास जप्त करावा, मात्र परत द्यावा, कामाचा आहे.

त्या व्हिडिओखाली कोणीतरी लिहिले की, इलेक्ट्रिक गाडीवर जमाव धावून गेला. व्हिडिओ जिल्हाभर फिरला. उमरग्याला दिलेली माझी मुलगी शिवांजली हिचा फोन आला. ती व शाहीन एका वर्गात शिकल्या आहेत. ती म्हणाली, "आण्णा, तुमी शाहीनवर दगड उचलला?" मला भांडखोर म्हणा, हेकट म्हणा, मी ऐकून घेईन. पण जैनोद्दीनच्या पोरीवर मी दगड उचलला, असे माझ्या पोरीच्या मनात क्षणभर जरी आले, तरी ते मला सोसवत नाही. म्हणून हा जबाब नीट लिहून घ्यावा, अशी विनंती आहे.

गाडी वर आणल्यावर विरप्पाने फ्रिजचा प्लग काढून तिथे शाहीनची वायर जोडली. तिने पैसे विचारले तेव्हा तो नको म्हणाला. मी त्याला म्हणालो, "का रे, तूबी सवलत द्यायला लागला का?" विरप्पा म्हणाला, "आण्णा, पहिल्या गिऱ्हाइकाला द्यावीच लागती. त्याला बघून दुसरं येतंय." यावर मी विचार केला, तो अजून चालू आहे.

कोणाही इसमाने गाडीवर हात उगारलेला नाही. काच फुटलेली नाही. मागच्या बाजूला हातांचे काळे ठसे उमटले होते, ते आमच्या ऑइलच्या हातांचे आहेत. सुरज फडके घेऊन पुसायला गेला तर शाहीन म्हणाली, राहू दे. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. ज्याने व्हिडिओ काढला त्याच्याविरुद्धही नाही. त्याने थांबून एक हात लावला असता तर चढ लवकर संपला असता, एवढेच.

सवलतीबाबत माझे मत विचारले म्हणून सांगतो की, ते बदललेले नाही. सरकारने आधी गावात दिवसभर लाईट द्यावी, मग गाड्या द्याव्यात. तरीपण पुढच्या ग्रामसभेत मी जागेला हरकत घेणार नाही. एकच अट घालणार आहे की, चार्जिंग पॉइंट स्टँडच्या रांगेतच बसवावा, कोपऱ्यात वेगळा नको. माझी जीप अजून काही वर्षे ओढेल. त्यानंतर काय, ते तेव्हा पाहू. सवलत तोपर्यंत बंद होऊ नये, असे मला वाटते. हे वाक्य लिहू का, असे हवालदारसाहेबांनी विचारले. लिहावे.

आणखी एक गोष्ट या जबाबात यावी, असा माझा आग्रह आहे. नियमाप्रमाणे स्टँडने धक्का दिलेली गाडी स्टँडची झाली आहे. आमचे नंबर तोंडी असतात आणि मी काही कायमचा नाही. उद्या कोणी वाद घालू नये म्हणून सरकारी कागदावर सांगतो की, अणदूर स्टँडचा चार नंबर शाहीन जैनोद्दीन तांबोळी हिचा आहे. आज सकाळी मी स्वतः नंबर पुकारले. तीन झाले. चार म्हणालो व नेहमीप्रमाणे थांबलो. गाडीचा आवाज आला नाही म्हणून पाच म्हणायला तोंड उघडले, तर पांढरी गाडी माझ्यासमोर येऊन उभी होती.

तिच्यातूनच मी येथे आलो. मागच्या सीटवर माझी पत्नी होती, ती सोलापूरला पुढे गेली आहे.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. शाहीनच्या नंबरचे वाक्य मी दोनदा वाचून घेतले. सर्व काही मी बोललो तसेच उतरले आहे, म्हणून खाली सही करतो.

सही/–
बलभीम नरहरी कबाडे

समक्ष : ठाणे अंमलदार