ड्रिलच्या सरांची पाठ

नाही हो आनंदराव, ते बर्फाचं फावडं आपल्या गवंड्याच्या फावड्यासारखं नसतं — चांगलं रुंद, प्लास्टिकचं, लांब दांड्याचं. हलकं असतं, तीच तर फसगत. मुलीकडे कॅनडाला चाललात तर एवढं लक्षात ठेवा — बर्फ दिसतो कापसासारखा आणि उचलायला गेलं की ओल्या वाळूसारखा. म्हणून उचलायचा नाही, ढकलायचा. अगदीच ढकलता येईना तर उचलायचा, तोही अर्धं फावडं. आधी घरातच दहा मिनिटं हातपाय मोकळे करायचे, एक पाय पुढे ठेवायचा, गुडघ्यात वाकायचं, कमरेत नाही — आणि खांद्यावरून मागे भिरकावायचा तर मुळीच नाही, पायांसकट अख्खं वळायचं. हसताय कशाला? चौतीस वर्षं शाळेत हेच शिकवलं मी. बिबवेवाडीत भाजी घ्यायला गेलो तरी अजून ‘ड्रिलचे सर’ म्हणतात. आता कमरेला पट्टा बांधून जातो, तर पट्ट्याकडे बघतात, पण कारण विचारत नाहीत. पुण्यात पाठदुखीचं कारण कोणी विचारत नाही — रस्ते आहेत ना.

काय म्हणालात? हो, घसरून पडलो. तसंच सांगितलंय सगळ्यांना.

आम्ही दोघं तिकडे मुलाकडे, विश्वजीतकडे पोचलो त्याच आठवड्यात गुडघाभर बर्फ पडला. मी आणि ललिता खिडकीत, आणि हा बाहेर गाडीची वाट मोकळी करतोय — कमरेत वाकून, पाठीला पीळ देऊन, मागे भिरकावत. मला राहवेना. गेलो बाहेर, त्याच्या हातातलं फावडं काढून घेतलं आणि दाखवलं. चाळिशीचा माणूस तो, समोरच्या घरातले बघतायत, आणि मी त्याला ‘गुडघे वाकव’ म्हणतोय. तो काही बोलला नाही. शाळेतही बोलायचा नाही — माझ्याच तासाला असायचा ना, स्वतःचा मुलगा म्हणून मैदानाला दोन फेऱ्या जास्त मारायला लावायचो. पण ऐकलं हो त्याने. रोज तसंच करायला लागला, मीही बरोबर जायचो. आठ-दहा दिवसांनी ललिता म्हणाली, सहा महिने कंबर धरली होती त्याची, आता जरा बरी आहे. मला पत्ताच नाही. आईला सांगितलं होतं, मला नाही — असो. पण ते दिवस बरे गेले. बापलेक शेजारी शेजारी, न बोलता, बर्फ ढकलतोय.

मग एका संध्याकाळी जेवताना म्हणाला, “बाबा, उद्यापासून तुम्ही बाहेर येऊ नका. मी करीन.” त्याच्या गल्लीतले एक म्हातारे बर्फ काढताना कोसळले होते, म्हणून. काळजीनेच म्हणाला, आता कळतं. तेव्हा मला ऐकू आलं ते एवढंच, की तुम्ही नकोत. मी पोळी मोडत राहिलो, काही बोललो नाही. ते त्याने माझ्याकडूनच घेतलं असावं.

दुसऱ्या दिवशी तो उठायच्या आत मी बाहेर. रस्ता साफ करणारी गाडी येऊन गेलेली — ती रस्त्यावरचा सगळा बर्फ घराच्या तोंडाशी लोटून जाते, घट्ट, बर्फ कसला, दगडच तो. हातपाय मोकळे केले नाहीत. फावडं काठोकाठ भरलं. आणि हो — खांद्यावरून मागे टाकलं. मी. का म्हणजे? घाई होती. तो दार उघडेल तेव्हा वाट मोकळी दिसली पाहिजे. पाचव्या की सहाव्या खेपेला कमरेत काहीतरी तुटल्यासारखं झालं आणि मी खाली. घसरलो नाही आनंदराव. वीसेक मिनिटं पडून होतो. हाक मारता आली असती. नाही मारली.

शेवटी तोच आला, स्लिपर घालून, अंगात साधा शर्ट. मी म्हटलं, अँब्युलन्स बोलाव, हात लावू नकोस. तो म्हणाला, “तोवर गारठून जाल.” मागे बसला, माझ्या काखेत हात घातले, एक पाय पुढे, गुडघे वाकलेले, पाठ ताठ — अगदी शिकवलं तसं. तेवढ्या दुखण्यातही मला वाटलं, बरोबर करतोय. आणि उचललं. माझं वजन ब्याऐंशी किलो. अर्धंच फावडं उचल म्हणून शिकवलं होतं — बाप अर्धा कसा उचलणार?

मी दीड महिन्यात चालायला लागलो. त्याचं मणक्याचं ऑपरेशन झालं. डावा पाय अजून बधिर आहे, काठी घेऊन ऑफिसला जातो. ललिता तिथेच राहिली, मी एकटा परत आलो. वहिनी कधी येणार विचारताय, तर मला माहीत नाही. रविवारी फोन करते, गोळी घेतली का विचारते. तो शेजारीच असतो, खोकला ऐकू येतो. त्याला दे, असं मीही म्हणत नाही. काय बोलू? व्यायाम करतोस का, विचारू?

तुमचे जावई काढतात ना बर्फ? काढू देत. वाकडे वाकले तरी बोलू नका. ‘येऊ नका’ म्हणाले, तर जाऊ नका. झालं. आणि हे खाली कट्ट्यावर नको, तिथे मी घसरलोच होतो. निघा आता, तुमची तयारी राहिली असेल. दार नुसतं ओढून घ्या — मला उठायला वेळ लागतो.