सहाची वायर

नाही भाऊ, परत करायला नाही आणली ही वायर, दाखवायला आणलीय — ही दीडची, ही अडीचची, ही चारची, तिन्ही तुमच्याच दुकानातल्या, तिन्ही आमच्या गाडीतून काढलेल्या — आणि आता मला सहाची द्या. हो, सहा एमएम. बाईमाणूस एमएम बोलते म्हणून हसू नका. आमच्या घरात हल्ली दुसरं काही बोललंच जात नाही. जेवायला बसले की भाजी कसली केली ते विचारत नाहीत, वायर कितीची होती ते विचारतात. मी कळसाडीची, उमाकांतभाऊंच्या घरून — हां, तेच. परवा तुमच्या काउंटरवर चारचं उरलेलं भेंडोळं आपटून गेले तेच. सगळं कळलं मला. घरी येऊनही तेच चालू, "त्या पारसनी मले फसाडी दिन्हं, तांबंच खोटं शे." मी म्हटलं, अहो, अर्ध्या शहाद्याच्या घरांत पारसभाऊंची वायर आहे, सगळ्यांचे दिवे लागतात, मग आपलाच का लागू नये? तर म्हणाले, तू देवघरात जा. मी गेले. देवघरात गेले, दिवा लावला, आणि ते मागच्या दारी गेलेत बघून एस. टी. धरून इकडे आले. त्यांना माहीत नाही मी इथे आहे. तुम्हीही सांगू नका.

गाडी म्हणजे कसली — उसाची जुनी ट्रॉली. आमच्या फाट्यावरचा वेल्डिंगवाला सुरुपसिंग, त्यानं तिच्यावर लोखंडी सांगाडा उभा केला, वर पत्रा, आतून प्लायवूड, दोन बाकं, गॅसपुरता कोपरा, आणि माझे देव ठेवायला एक फळी. जीपच्या मागे जोडायची आणि घरासकट निघायचं, नर्मदामाईच्या परिक्रमेला. आपल्याच रस्त्यानं जातात ना हो ते परिक्रमावासी, शहाद्याहून प्रकाशा गावाकडे, पांढऱ्या कपड्यांत, हातात दंड घेऊन — किती वर्षं त्यांना चहा-भाकरी देतेय मी. आता वाटलं, आपण जावं. तर शेजारची कमलीबाई म्हणते, "माय वं, इतलं मोठं घर सोडीसन डबामा ऱ्हावाले चालनी का?" म्हणू दे. मला डब्याचं काही नाही. डब्यातल्या त्या बॅटरीचं आहे — संध्याकाळी बघावं तर रिकामी. रोज. ऊन असं की अंगणात पाय ठेववत नाही, आणि बॅटरी रिकामी.

काय म्हणता? लोक आश्रमात राहतात, धर्मशाळेत राहतात, तुम्हालाच कशाला हवी ही सोलरची उठाठेव? — आता काय सांगू तुम्हाला. यांचं एक मशीन आहे. रात्री नाकाला लावायचं. झोपेत श्वास थांबतो यांचा. घोरता घोरता एकदम गप्प होतात, आणि मग कितीतरी वेळ काहीच नाही, आणि मग बुडता माणूस वर यावा तसे हिसका देऊन श्वास घेतात. नंदुरबारच्या डॉक्टरांनी सांगितलं, मशीनशिवाय एक रात्रही झोपायचं नाही. आश्रमात कुठे लाइट असते, कुठे नसते, आणि असली तर रात्री जाते. म्हणून छतावर ही सोलरची प्लेट, म्हणून बॅटरी, म्हणून तुमची वायर. दिवा नाही लागला तर मी समई लावीन हो, पंखा नको, मोबाइल नको — पण मशीनला समई चालत नाही. आणि मशीन घेतल्यापासून तरी मी कुठे झोपते? ते सुरू झालं की कूस बदलते, पण एक हात यांच्या छातीवरच असतो. हे त्यांना माहीत नाही. त्यांना वाटतं मला पुण्य करायला जायचंय. पुण्य कशाचं — मी नवस बोललेय माईला, यांचा श्वास राख, दोघं मिळून तुला प्रदक्षिणा घालू. घरात कुणालाच सांगितलं नाही हे. तुम्हाला का सांगतेय, कोण जाणे. असू द्या, सहाची काढा.

पहिल्या दिवशी चालत होतं ना, हेच तर कळत नाही. प्लेट बसवली त्या दिवशी बॅटरी दुपारीच भरली. यांनी भर दुपारी मशीन लावून झोपून दाखवलं, सुरुपसिंगनं टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवसापासून कमी. यांनी तेव्हा दीडची टाकली होती, घरातली उरलेली. कुणीतरी म्हणालं, बारा व्होल्टला जाड वायर लागते, घरातली चालत नाही. टाकली अडीचची. आणखी कमी. मग तुम्ही म्हणालात चारची घ्या — हो, तुम्ही बरोबरच सांगितलं असेल, मी कुठे नाही म्हणते — चारची टाकली, तर आता नावालाही काही येत नाही. जितकी वायर जाड, तितकी वीज बारीक. असं कुठे असतं का भाऊ? यांचं तर डोकंच फिरलंय. कार्तिकी एकादशी तोंडावर आलीय, एकादशी झाली की लोक परिक्रमा उचलतात, आणि हे म्हणतात, आज संध्याकाळपर्यंत बघतो, नाहीतर विकतो डबा. नुसतं म्हणत नाहीत, कोरीटच्या रायसिंगला बोलावलंय आज. त्याला वडापावची गाडी करायचीय. माझ्या देवांच्या फळीवर चटणीचे डबे येतील.

सावली? नाही हो, झाड नाही वर. अंगण मोकळं. पानं पण नाहीत, पक्ष्यांची घाण पण नाही — मी स्वतः बघते ना. रोज सकाळी शिडी लावून वर जाते, ओल्या फडक्यानं पुसून घेते सगळी प्लेट, फक्त तेवढा शेंदूर सोडून — शेंदूर म्हणजे, पूजेचा. नवीन वस्तू, पूजा नको का करायला? ट्रॅक्टरची आपण करतोच की. आणि ही तर साधी वस्तू नाही, रात्रभर यांचा श्वास ओढणार आहे. बसवली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तेलात शेंदूर कालवून स्वस्तिक काढलं मधोमध. कुंकू पावसानं जातं, शेंदूर जात नाही. मग वीज कमी आली, म्हटलं आपलंच काही चुकलं असेल, म्हणून अडीचची टाकली तेव्हा दुसरं काढलं. चारची टाकली तेव्हा तिसरं, जरा मोठं, हे एवढं, तळहाताएवढं. सुरुपसिंग वर चढला होता की तपासायला. स्क्रू बघितले, वायर बघितली, शेंदराला हात लावून नमस्कार केला आणि खाली आला. हेही चढले होते. तेही वायरच बघून उतरले.

उठलात का? कुठे चाललात?

हे काय काढताय? एवढीशी प्लेट, तिला जोडलेला इवलासा पंखा — प्लेट आमच्यासारखीच की, तशाच चौकोनांची. उन्हात ठेवा, ठेवा, मी सरकते. हो, फिरतोय पंखा. छान फिरतोय. आता हात कशाला — सगळ्या प्लेटवर नाही, एकाच चौकोनावर हात ठेवलात तुम्ही. एकाच — थांबला. बाकी सगळी प्लेट तर उन्हातच आहे की. काढा बरं हात. फिरला. ठेवा परत.

थांबला.

पुरे भाऊ. कळलं मला. एका रांगेत हात धरून उभे असतात का ते चौकोन, एकानं सोडला की सगळ्यांचा सुटतो? — असू द्या, नका सांगू. कळलं. म्हणजे मी जितकं मागत गेले तितकं — आणि मी वर जाऊन दर वेळी — आणि हे तिकडे तुमच्याशी भांडत होते. तुमच्यावर भेंडोळं आपटलं त्यांनी. त्याबद्दल मी हात जोडते तुम्हाला.

शेंदूर पुसून टाका म्हणता. सोपं आहे तुमचं. मी माईला शब्द दिलाय ना, परिक्रमा पुरी होईपर्यंत ही खूण माझ्या हातानं पुसणार नाही. आजवर बोललेलं एकही व्रत मोडलं नाही हो मी. तापात उपास केलेत. सोळा सोमवार केले, एकदा मध्येच चुकलं तर पहिल्यापासून परत धरले. आणि आता म्हणता, एक फडकं घ्या आणि — थांबा, फोन वाजतोय माझा. हेच आहेत.

हॅलो. हां, मी — शहाद्याला. कशाला ते घरी आल्यावर सांगते. रायसिंग आला का? बरं. बसवा त्याला, चहा द्या, शब्द देऊ नका. तुम्ही कुठे आहात? वर कशाला चढलात, गुडघा दुखतो ना तुमचा? प्लेट काढताय? कशाला — माझ्यासाठी? घरात ठेवायला? रायसिंगला ती देणार नाही म्हणता... अहो पण... तशीच काढताय म्हणजे? शेंदराला हात न लावता, कडेकडेनं... आधीपासूनच जपत होतात तो? मागे एकदा सुरुपसिंग पुसायला निघाला होता? आणि तुम्ही त्याला नाही म्हणालात. का? ... माझा आहे म्हणून.

ऐका. अहो, ऐका ना माझं. स्क्रू काढू नका. ती प्लेट तिथेच राहू द्या. नाही, तुम्ही नका पुसू, तुम्ही काही करू नका, हळूच खाली उतरा आणि शिडी तेवढी काढू नका. मी येते. मी येते आणि माझ्या हातानं पुसते.

भाऊ, ती सहाची गुंडाळून ठेवा. नको मला. बस किती वाजता आहे?