सोळा दिवसांच्या आतलं दुखणं

—बारा दिवस म्हणलं ना, योगिनीताई, बारा. लिहा की. सोळा दिवसांच्या आतलं दुखणं, कळ गुडघ्याच्या खाली नाय, की तुमी फिजिओवाल्या कंबर धरून एक झटका देता अन् माणूस चालत घरी जातो — भायेर बाकावर नंबर लावून बसलेल्या बद्रीनाथनं सारा कायदा सांगितला तुमचा. तसाच झटका मला बी द्या अन् कागदावर लिहा, म्हातारा ठीक हाय. कागद कशाला? हनुमान्याला दाखवाया. पोरगं माझं, चिकलठाण्याला तिसऱ्या मजल्यावर ऱ्हातं. म्हणतं, वजन उचलू नका असं लिहून आलं, की आईला मी घिऊन जाणार. घिऊन जाऊ दे म्हणता? नाय. तिथं तिला खिडकीतून काय दिसंल — पाण्याच्या टाक्या. इथं दारात मेंढरं हायेत.

कधीपास्नं म्हंजी? बारा दिवस! चंपाबाईला लकवा मारला त्याच्या दुसऱ्या दिवशी — बायको माझी — उचलून बाजेवर घेतली अन् कमरेत कट्‌कन वाजलं. मेंढ्या नुकत्याच कातरल्या व्हत्या तवा. मंग अजून एकदा कातरल्या, आता लोकर परत बोटभर आली... तुमी तर शेहरातल्या, छावणी भागातल्या, बारा दिवसांत लोकर येत नाय हे कुणी शिकवलं तुमाला? बरं. खोडा.

फुडं इचारा. काम केलं तर दुखणं वाढंल असं भ्या वाटतं का? कशाचं भ्या — ती आता कोकरागत हलकी झाली. एक हात चालतो तिचा, तो गळ्यात टाकती अन् तोंड फिरवती, तंबाखूचा वास येतो म्हणून. दिवसातून आठ-दहा येळा. डाव्या पायातली चप्पल तेवढी निसटती — परवा अर्धा रस्ता तसाच आलो, कुणीतरी मागून वरडलं तवा समजलं. हे नका लिहू. गुडघ्याच्या खाली दुखत नाय, मंग खोटं काय बोललो? तिथं कायच कळत नाय.

पेन का ठिवला? झटका नाय? मोठ्या दवाखान्यात — आजच? अन् त्यांनी ठिवून घेतलं तर चंपाबाईला उचलायचं कुणी?... व्हय, हनुमान्यानंच. बोललात ना शेवटी तुमी बी त्याचंच.

ऱ्हाऊ द्या तो कागद. पोरगं इचारील, तर म्हणा आला नव्हता. सरा बाजूला — तिची कूस बदलायची येळ झाली.