नववीतली जागा

(नव्या सत्राचा पहिला दिवस. मध्य प्रदेशातल्या बालाघाटमधली एक कॅथलिक शाळा. सकाळचे सात. फाटकावर चौकीदार भैयालाल आणि त्याची मुलगी श्रुतिका.)

श्रुतिका : हात काढा ना बाबा. फाटकाच्या मधात काहून उभे हा? मले उशीर होऊन राह्यला.

भैयालाल : तुले रात्री सांगतलं होतं, आज येऊ नोको म्हनून.

श्रुतिका : तुम्ही म्हनले, पहिल्या दिवशी अभ्यास होत नाही. अभ्यास नसू द्या, पन माह्यं स्वागतगीत हाये ना. रचना मॅडमनं मार्चमधीच माह्यं नाव टाकलं. पहिलं कडवं मी एकटीच म्हनते, बाकीच्या मागून.

भैयालाल : हळू बोल. लोकं पाहून राह्यले.

श्रुतिका : पाहू द्या. दरसाली तर तुम्हीच ओरडता, या बेटा, चला बेटा, फूल घ्या. अन् आज सख्ख्या पोरीलेच अडवून राह्यले.

भैयालाल : थांब जराशी. या बेटा, या. सहावी का? उजव्या हाताच्या लाईनीत जा. रडू नोको, आई इथंच हाये फाटकाबाहेर. हे घे फूल. शाबास.

श्रुतिका : मलेही द्या एक.

भैयालाल : तुले नाही.

श्रुतिका : मजाक करून राह्यले का?

भैयालाल : नाही.

श्रुतिका : मग काय झालं? तुमचं तोंड असं काहून झालं? आईले काही झालं का?

भैयालाल : आईले काय होते? घरी हाये ते. श्रुतिका, तू या शाळेत नाही आता.

श्रुतिका : मतलब?

भैयालाल : मी टीसी घेतली, शाळा सोडाचा दाखला. एप्रिलमधी.

श्रुतिका : कोनाची?

भैयालाल : तुही.

श्रुतिका : काहीही! मी पास झाली ना. रिजल्ट तुम्हीच घेऊन आलते. तुम्हीच सायकलवरून ओरडत आले, पास झाली पोट्टी, पास झाली. गल्लीभर पेढे वाटले. मैनाबाई काकूले दोनदा देल्ले.

भैयालाल : पास तर झालीच. कागदावर पास लिहून हाये, खोटं नाही बोललो.

श्रुतिका : मग टीसी कायची?

भैयालाल : त्याचीच. टीसी घेतली तर पास लिहीन, असं होतं ते.

श्रुतिका : मले काही समजून नाही राह्यलं, बाबा. सीधं सांगा.

भैयालाल : नववीत गनितात एकवीस अन् इंग्रजीत चोवीस. दोन विषय गेलते तुहे. प्रिन्सिपल सिस्टरनं मले ऑफिसात बोलावलं. बसाले खुर्ची देल्ली. एकोणीस सालाच्या नोकरीत पहिल्यांदा बसलो मी त्या खुर्चीवर. म्हनल्या, भैयालाल, तुम्ही आपले मानूस हा म्हनून सांगते. इथं दहावीत तिले घेता येत नाही, दहावीचा रिजल्ट शंभर टक्के पाह्यजे शाळेले. नापास लिहिलं तर पोरीचं साल जाते. टीसी नेसान तर पास लिहून देते, दुसऱ्या शाळेत दहावीत बसवा, साल वाचते.

श्रुतिका : अन् तुम्ही हौ म्हनले.

भैयालाल : हौ म्हनलो.

श्रुतिका : मले न विचारता?

भैयालाल : काय विचारू तुले? साल वाचून राह्यलं, हेच दिसलं मले. मी आठवीत नापास झालतो. माह्या बापानं दुसऱ्या दिवशी मले राइस मिलवर पाठवलं, अन् सुटली शाळा. अजूनही कोनी विचारलं कितवी शिकला, का मी काम काढून तिथून निंघून जातो. वाटलं, तुह्या नावापुढं तो शब्द येऊ नाही.

श्रुतिका : दोन महिने झाले बाबा! दोन महिने तुम्ही माह्या संग एका ताटात जेवले. मी रोज सकाळी गानं म्हनत होती अन् तुम्ही खाटेवर बसून ऐकत होते. म्हनत होते, सूर चांगला लागला.

भैयालाल : चांगलाच लागत होता.

श्रुतिका : तेव्हा सांगाले काय झालतं?

भैयालाल : कसं सांगू? तू इतकी खुश होती. आज सांगीन, उद्या सांगीन, करता करता जून आला. या मॅडम, नमस्ते. हौ, प्रोग्राम साडेसातले हाये, आतमधी खुर्च्या लावल्या हायेत.

श्रुतिका : दुसऱ्या शाळेत नाव टाकलं?

भैयालाल : नाही टाकलं.

श्रुतिका : काहून?

भैयालाल : टीसी खिशात घेऊन दोनदा गेलतो सरकारी कन्या शाळेच्या रोडनं. तिथं फाटकावर दुलीचंद बसते. तो म्हनन, काय भैयालाल, सिस्टरच्या शाळेतला मानूस आमच्याकडे कायले? एवढे साल त्याच्यासमोर मीच मिरवलो ना, माही पोरगी सिस्टरच्या शाळेत हाये म्हनून. कोपऱ्यावरूनच सायकल वळवली. अन् खरं सांगू का? मनात होतं, शाळा उघडता उघडता सिस्टर स्वतःच बोलावतील. म्हनतील, जाऊ द्या भैयालाल, बसवा तिले.

श्रुतिका : तुम्ही बोलले त्याईले एकदा तरी?

भैयालाल : मी कसा बोलू?

श्रुतिका : मग मी बोलते. पाहा, येऊनच राह्यल्या इकडे.

भैयालाल : श्रुतिका, हात जोडतो तुले. तमाशा नोको करू. माही नोकरी हाये इथं.

सिस्टर जसिंता : भैयालाल, फुलं संपली का? आत अजून एक टोपली आहे. अगं, श्रुतिका! तू आलीस?

श्रुतिका : गुड मॉर्निंग सिस्टर. सिस्टर, मले नापास करा.

सिस्टर जसिंता : काय म्हणतेस?

श्रुतिका : ते टीसी परत घ्या. मले नववीत नापास लिहा. मी परत बसते नववीत, मले लाज नाही वाटत. गनिताचं मी पवन सरजवळ शिकीन. सालभर कोनाशी बोलनार नाही.

सिस्टर जसिंता : बाळा, हे एप्रिलमध्ये सांगायचं होतंस.

श्रुतिका : एप्रिलमधी मले मालूमच नव्हतं सिस्टर. आत्ता मालूम पडलं, या फाटकावर.

सिस्टर जसिंता : भैयालाल, तुम्ही हिला सांगितलंच नाही?

भैयालाल : नाही सिस्टर.

सिस्टर जसिंता : अहो, मी तुम्हाला पंधरा दिवस दिले होते. म्हटलं होतं, घरी जा, मुलीशी बोला. पुन्हा नववीच करायची असेल तर तेही चालेल, मी तिला ठेवून घेईन.

श्रुतिका : तेही चालन, असं म्हनल्या होत्या तुम्ही?

सिस्टर जसिंता : हो. पण यांनी तिथेच सही केली. मीच विचारलं, एवढी घाई कशाला?

श्रुतिका : बाबा?

भैयालाल : हौ. म्हनल्या होत्या.

श्रुतिका : मग थांबले काहून नाही तुम्ही?

भैयालाल : सिस्टर समोर बसून होत्या, कागद समोर होता. थांबतो, इचार करून सांगतो, असं म्हनाचं असते हे मले सुचलंच नाही. त्याईनं सांगतलं अन् मी थांबलो, असं आजपर्यंत कधी झालं नाही.

श्रुतिका : सिस्टर, आता करा ना. अजून तर आजच शाळा सुरू झाली.

सिस्टर जसिंता : नववी भरली, श्रुतिका. एकच जागा रिकामी होती, तुला देता आली असती, तीही शनिवारी गेली. वरून पत्र आहे, पन्नासच्या वर एकही नाव घ्यायचं नाही.

श्रुतिका : मी खाली बसीन. दाराजवळ बसीन.

सिस्टर जसिंता : बसण्याचा प्रश्न नाही गं. रजिस्टरमध्ये नावच लागणार नाही. माझ्या हातात असतं तर मी हा विषय फाटकावर येऊच दिला नसता. खूप वाईट वाटतंय मला.

श्रुतिका : हौ.

सिस्टर जसिंता : एक मागू का तुझ्याकडे? नाही म्हणालीस तरी चालेल. रचना मॅडमनी तुझ्या जागी घेतलेली मुलगी बैहरहून आलीच नाही, आणि बाकीच्यांना पहिलं कडवं उचलता येत नाही. फादर येऊन बसलेत. आजचं तेवढं गीत म्हणशील? मग घरी जा. गाण्याचं प्रमाणपत्र मी माझ्या सहीनं देईन, नव्या शाळेत उपयोगी पडेल.

भैयालाल : म्हन बेटा. सिस्टर म्हनून राह्यल्या तं.

श्रुतिका : बाबा, तुम्ही परत माह्यासाठी हौ म्हनून राह्यले.

भैयालाल : चुकलो. चुकलो बेटा. नाही बोलत आता.

श्रुतिका : मी नाही म्हनत, सिस्टर. त्या नव्या पोराईवर माहा राग नाही. पन मले पहिल्याच ओळीत रडू येईन, अन् सहावीतले लहान लेकरं भिऊन जातील. पहिलाच दिवस हाये त्याईचा.

सिस्टर जसिंता : बरं. बरं बाळा. मी प्रार्थना करेन तुझ्यासाठी. भैयालाल, पाच मिनिटांनी घंटा द्या.

भैयालाल : जी सिस्टर.

श्रुतिका : गेल्या.

भैयालाल : मार मले दोन थापडा.

श्रुतिका : नापास म्हनले असते तर मी रडली असती, बाबा. दोन दिवस रडली असती. मग बसली असती नववीत, इथंच. तुम्ही रोज फाटकावर दिसले असते मले.

भैयालाल : दोन वाजता ड्युटी सुटली का जाऊ कन्या शाळेत. आजच जाऊ. दुलीचंदले काय म्हनाचं ते म्हनू दे.

श्रुतिका : आत्ता नाही येता येत का?

भैयालाल : आज पहिला दिवस हाये ना. फाटक कोन पाहीन?

श्रुतिका : ठीक हाये. आईले कोन सांगन?

भैयालाल : मी सांगतो.

श्रुतिका : नाही. तुम्ही परत पेढेच घेऊन जासान. मी सांगते.

नवी मुलगी : काका, नमस्ते. नववीचा वर्ग कुठी हाये? मी लालबर्र्याहून आली, बस लेट झाली. मले नवीन ॲडमिशन भेटली. एकच जागा होती म्हने, माह्या बाबानं शनिवारी दिवसभर लाईन लावली.

श्रुतिका : बाबा. ते विचारून राह्यली तुम्हाले.

भैयालाल : हौ. या बेटा. तो वर्ग...

नवी मुलगी : काका रडून राह्यले का, ताई?

श्रुतिका : उन्हात उभे हायेत ना सकाळपासून, डोळे दुखतात त्याईचे. तू वरच्या माळ्यावर जा. डाव्या हाताची दुसरी खोली.

नवी मुलगी : तू कितवीत हायेस?

श्रुतिका : मी पास झाली. जा लवकर, प्रार्थना सुरू होईन. अन् पाहा, तिसऱ्या बाकावर बसजो, खिडकीपाशी. तिथं हवा येते.