लाल खडूचा गोल

काकू, प्राचार्य साहेब, सगळे सर, आणि मागे ड्रॉइंगच्या स्टुलांवर दाटीवाटीने बसलेल्या मित्रमैत्रिणींनो,

मी सुनंदा पगारे. दुसरं वर्ष, मेकॅनिकल. गांगुर्डे सरांवर बोल असं मला सांगितलं, तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले होते. पण आता उभी राहिलेय. मधे थांबेन, पाणी पिईन, पण बोलून झाल्याशिवाय खाली बसणार नाही.

सोमवारी सर याच हॉलमध्ये, याच फळ्यावर शिकवत होते. बुधवारी पहाटे त्यांचं हृदय बंद पडलं. मला अजून हे खरं वाटत नाही.

काकूंच्या माहेरची, म्हणजे सरांच्या सासरची मंडळी दिंडोरीहून आली आहेत. त्यांच्यासाठी सरांचा नियम सांगते. ड्रॉइंगच्या शीटवर चूक झाली तर नवा कागद घ्यायचा नाही. ब्लेडने खरवडायचं नाही. चुकीभोवती लाल पेन्सिलीने गोल काढायचा, शेजारी बरोबर काय ते काढायचं, आणि शीट जमा करायची. जमा करायचीच! काकू म्हणायच्या, "यांना भाजी खारट झाली सांगायला नको, ताटाभोवती गोल काढतील." हो ना, काकू?

मला हा नियम मुळीच पटला नव्हता. मी देवळाली कॅम्पची. वडील लष्करी कचेरीत कारकून. आमच्या वस्तीतली इंजिनीअरिंगला आलेली मी पहिलीच. पहिल्या आठवड्यापासून लोक मला इंजिनीअरबाई म्हणायला लागले. मग इंजिनीअरबाईंच्या शीटवर लाल गोल? लोक काय म्हणतील? यांना जमतच नाही, हेच ना? मी नवा कागद घ्यायची. पुन्हा एखादी रेघ जाड यायची. पुन्हा नवा कागद. जेवण जायचं नाही, हाताला घाम सुटायचा, त्या घामाने कागद मळायचा, की परत नवा कागद. सगळ्यांच्या शीट जमा झाल्या. माझी एकही नाही. टर्म जायची वेळ आली.

सरांनी बोलावलं. म्हणाले, "पोरी, शीट कुठंय?"

मी म्हटलं, "सर, अजून चांगली काढतेय."

"लय चांगली काढशील. पण घरी ठेवलेल्या शीटला मी मार्क कुठून देऊ?"

मी रडले. म्हटलं, "सर, आपल्या समाजातल्या पोरीने चुकलेलं कसं चालेल?"

सरांनी मला बसायला सांगितलं. मग म्हणाले, "मीबी पहिलाच होतो. कोणी चूक काढू नये म्हणून वर्षभर तोंड उघडलं नाय. शंकासुद्धा विचारली नाय. त्यात नापास झालो. तू उद्या आहे तशी शीट घेऊन ये."

मी आणली. चार लाल गोलांसकट. सरांनी सही केली. बस, एवढंच. त्या दिवशी घरी जाऊन मी पोटभर जेवले.

सर स्वतः चुकायचे तेव्हा? कोणी दाखवलं की लाल खडूने गोल काढायचे, "शाब्बास" म्हणायचे आणि तो गोल तास संपेपर्यंत फळ्यावर ठेवायचे. आम्हाला वाटायचं, मुद्दाम चुकतात. नाही हो. खरंच चुकायचे. आणि सगळ्या वर्गासमोर ते कबूल करायला त्यांना लाज वाटायची नाही. मला त्यांचं हेच सगळ्यात मोठं वाटतं.

शनिवारी आपलं सबमिशन आहे. सरांच्या जागी शीट तपासणारे नवे सर गोल चालवून घेतील का, या धास्तीने हॉस्टेलवर पुन्हा कोऱ्या कागदांच्या गुंडाळ्या आल्यात. दोघांनी कालपासून धड खाल्लेलं नाही. मी नावं घेणार नाही. पण ऐका. मी माझी शीट लाल गोलासकट जमा करणार आहे. नव्या सरांनी परत केली, तर तीच घेऊन पुन्हा त्यांच्यापुढे उभी राहणार आहे. तुम्ही याल माझ्याबरोबर? यायलाच पाहिजे. आणि आज या हॉलमधून उपाशी कोणी जायचं नाही.

आणखी एक. सकाळी आपले शिपाई सदूमामा सभेसाठी फळा पुसायला आले, तेव्हा मी त्यांना थांबवलं. सोमवारची सरांची आकृती अजून आहे, बघा. हा लोखंडी ठोकळा, त्याला आरपार भोक. बाजूने बघितलं की भोक आत लपतं, म्हणून बाजूच्या आकृतीत ते दोन तुटक रेघांनी दाखवायला हवं होतं. त्यातली एक रेघ सरांकडून राहिली. सोमवारी आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आलं नाही. मला ती चूक आज खुर्च्या मांडताना दिसली.

कोणी म्हणेल, गेलेल्या माणसाची चूक काय दाखवायची? काकू, मी दाखवू?

काकू हो म्हणताहेत.

हा लाल खडू. हा गोल. आणि ही त्याच्या शेजारी तुटक रेघ.

आता सगळे उभे राहा. सरांच्या फोटोकडे नको, फळ्याकडे तोंड करा. थोडा वेळ कोणी काही बोलू नका.

सर, चूक सापडली. शेजारी बरोबर काढलंय. जमा करते.

जयभीम, सर.